चकचकीत ओटा, शिळा भात

माझं किचन बघून लोक इम्प्रेस व्हायचे. खरंच! काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्यात चेहरा दिसेल असा. स्टीलची चिमणी. एका मापाच्या काचेच्या बरण्या, प्रत्येकीवर लेबल. ऑफिसची गँग वीकएंडला घरी आली की पहिली कॉमेंट ठरलेली, 'हे बॅचलरचं किचन? कुणीतरी आहे बुवा, सांगत नाहीये!' कुणी नव्हतं. एक स्प्रेची बाटली होती, एक मायक्रोफायबरचं फडकं होतं आणि आपण फार टापटीप आहोत हा ठाम समज होता.

तो समज एका रविवारी सकाळी साडेनऊ ते दुपारी दोन या वेळात धुऊन निघाला.

'आज चव लागली'

२०२५ चा एप्रिल. बाबांची केमो सुरू होती. साताऱ्याहून दर तीन आठवड्यांनी ये-जा करणं झेपेना, म्हणून आई-बाबा माझ्याकडे पुण्याला, धायरीच्या फ्लॅटवर राहायला आले. हॉस्पिटलनं हातात एक कागद दिला होता. घरचं ताजं अन्न, उकळलेलं पाणी, कच्चं काही नाही. केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, एरवी दोन दिवसांत बरं होणारं पोटाचं दुखणंसुद्धा महागात पडतं.

मी तो कागद वाचला आणि मनात म्हटलं, यात नवीन काय? हे तर आपण करतोच. कारण त्याच वर्षी जानेवारीत आमच्या सिंहगड रोड भागात जीबीएसची म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोमची साथ आली होती. पुणे परिसरात दोनशेहून जास्त पेशंट. काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून, नीट न शिजलेल्या मांसातून पोटात जातो. तेव्हापासून मी पाणी उकळून पीत होतो, चिकन तर महिनाभर बंद होतं. थोडक्यात काय, हायजीनमध्ये आपला हात कुणी धरू शकत नाही!

शनिवारी रात्री आठला कुकर लावला. भात उरला. फ्रिज उघडला तर आत हॉटेलच्या पार्सलचे तीन डबे, दोन कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणि कोथिंबिरीची अर्धी जुडी. जागाच नाही. मग कुकर तसाच झाकण लावून ओट्यावर ठेवला. एप्रिलची रात्र, खिडकी बंद. सकाळी मस्त कांदा, मिरची, शेंगदाणे घालून फोडणीचा भात केला. कित्येक दिवस बाबांच्या तोंडाला चव नव्हती. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. म्हणाले, "आज चव लागली रे."

दुपारी एक वाजता आईला उलटी झाली. मग मला. मग बाबांना. आई आणि मी संध्याकाळपर्यंत सावरलो. बाबा नाही सावरले. रात्री ॲडमिट. तीन दिवस सलाइन आणि पुढची केमो आठवडाभर लांबणीवर.

आरोपी कोण?

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून मी आईला पहिलं वाक्य काय बोललो असेन? "मावशींनी भांडी नीट घासली नसणार. दुसरी बाई बघू."

मावशी म्हणजे आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी. सकाळी सात ते अकरा सहा घरं करतात. सोमवारी मी त्यांना फोन लावला, आवाज चढवूनच. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, मी शनिवारी सकाळी येऊन गेले. रविवारी माझी सुट्टी. शनिवार रात्रीची भांडी तुम्हीच घासली असणार ना?"

मीच घासली होती.

त्याच दुपारी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी एक-एक करून विचारलं. काय खाल्लं, किती वाजता, उलट्या किती तासांनी, तिघांनाही का? 'फोडणीचा भात' म्हटल्यावर त्यांनी पेन थांबवलं. "भात कधीचा? रात्रभर कुठे होता?" मी ओट्याचं नाव घेतलं. ते म्हणाले, टेस्टशिवाय शंभर टक्के सांगता येणार नाही, पण माझा संशय भातावर आहे.

आईला पटेना. "अहो, वास येत नव्हता. आणि चांगला खरपूस परतला होता."

तीच तर गंमत आहे. बॅसिलस सेरियस नावाचा एक जिवाणू आहे. मातीत असतो, तिथून तांदळात येतो. त्याचे बीजाणू इतके चिवट की भात शिजतानाच्या उकळीतही मरत नाहीत. भात गार होऊ लागला, कोमट राहिला, की हे बीजाणू जागे होतात, वाढतात आणि भातात विष तयार करतात. हे विष १२१ अंश सेल्सिअसला दीड तास तापवलं तरी टिकतं. आपल्या फोडणीची काय कथा! जिवाणू मरतील, पण त्यांनी करून ठेवलेलं विष तसंच राहणार. त्याला ना वास, ना चव. खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत उलट्या. आमचं टायमिंग तंतोतंत जुळत होतं.

म्हणजे माझा ओटा चकचकीत होता आणि बाबा त्याच ओट्यावरच्या कुकरमुळे आजारी पडले होते.

बाटल्यांचा आठवडा

अपराधी वाटलं की आपल्या पिढीचा माणूस काय करतो? शॉपिंग! हॉस्पिटलमधून येताना मी सुपरमार्केटमधून सात बाटल्या उचलल्या. ब्लीच, फिनेल, टॉयलेट क्लीनर, अँटीबॅक्टेरियल अमुक आणि तमुक. रात्री अकरा वाजता सिंकमध्ये ब्लीच ओतलं, वास जाईना म्हणून वरून टॉयलेट क्लीनर. दोन मिनिटांत डोळ्यांतून पाणी, घशात आग, खोकला थांबेना. आईनं धावत येऊन खिडक्या उघडल्या आणि मला ओढून बाहेर काढलं.

केमिस्ट्रीत पास झालेल्या मला हे आठवायला हवं होतं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये ॲसिडच असतं. व्हिनेगरसुद्धा ॲसिडच. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही ब्लीच विषारी वायू सोडतं. त्यामुळे पहिला नियम लिहून ठेवा. दोन बाटल्या कधीही एकत्र करू नका.

आणि दुसरी गोष्ट. जंतुनाशक हे साबणाच्या जागी नसतं, साबणानंतर असतं. खरकटं, तेल, चिकटपणा तसाच ठेवून वर स्प्रे मारला तर जंतू खाली आरामात राहतात. रोजच्या कामाला साबण, पाणी आणि कोरडं फडकं पुरतं. कच्चं मांस, अंडी सांडली तरच पुढची पायरी.

सात बाटल्यांतल्या पाच मी बाथरूमकडे रवाना केल्या. मग वाचायला बसलो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्ये घरगुती किचनसाठी एक पोस्टर काढलं होतं. पाचच सूत्रं. स्वच्छता ठेवा, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवा, पूर्ण शिजवा, योग्य तापमानात ठेवा, पाणी आणि जिन्नस चांगले वापरा. त्या सूत्रांतून मी माझ्यापुरते तीन शब्द काढले. वेळ, ओल आणि हात. किचन 'दिसतं' कसं याचा या तिघांशी फारसा संबंध नाही.

वेळ

शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. ५ ते ६० अंश हा जंतूंचा आवडता पट्टा. आपलं पुण्या-मुंबईचं घर वर्षाचे बाराही महिने याच पट्ट्यात असतं. एकतर अन्न गरमागरम ठेवा, नाहीतर गार करा. मधलं 'कोमट' नको.

आता प्रॅक्टिकल प्रॉब्लेम. आपण ऑफिसातून नऊला घरी येतो, दोन दिवसांचं एकदम शिजवतो. हरकत नाही. पण भाताचं अख्खं पातेलं फ्रिजमध्ये कोंबलं तर त्याच्या पोटातला भात कित्येक तास कोमटच राहतो. त्यापेक्षा उरलेला भात परातीत पसरायचा, वाफ गेली की पसरट डब्यात भरून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करायचा, तेही एकदाच. उरला तर टाकायचा.

फ्रिजला पण गृहीत धरू नका. मी फ्रिजचा थर्मामीटर आणून आत ठेवला. ५ अंशांच्या आत असायला हवं, माझ्याकडे ११! कारण एकच, खच्चून भरलेला फ्रिज. आतली गार हवा फिरायलाच जागा नव्हती. पार्सलचे डबे गेले, आकडा ४ वर आला.

ऑफिसच्या डब्याचंही तेच. सकाळी आठला भरलेला डबा दीडला उघडतो, म्हणजे साडेपाच तास बॅगेत. ऑफिसला पोचल्यावर तो पँट्रीच्या फ्रिजमध्ये गेला पाहिजे. आणि झाकणाची रबरी रिंग काढून घासता का कधी? मी काढली. त्या रिंगखाली काय होतं ते इथं लिहीत नाही, तुम्ही कदाचित जेवता जेवता वाचत असाल.

ओल

बाबा घरी आल्यावर मावशी आल्या. मी ओशाळून सॉरी म्हटलं. त्या हसल्या आणि सिंककडे बोट दाखवून म्हणाल्या, "सहा घरं करते दादा. सगळ्यात जास्त वास तुमच्या घासणीला मारतो."

माझी ती हिरवी-पिवळी घासणी! तीन महिने जुनी, कायम सिंकच्या कोपऱ्यात पाण्यात बसलेली. मी तिनंच भांडी घासायचो, तिनंच ओटा पुसायचो. २०१७ मध्ये जर्मनीतल्या फुर्टवांगेन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी लोकांच्या घरातल्या १४ वापरलेल्या घासण्या तपासल्या होत्या. एका घन सेंटिमीटर स्पंजमध्ये काही ठिकाणी ५,४०० कोटींपर्यंत जिवाणू निघाले. सगळे आजार देणारे नसतात, हे खरं. पण गंमत म्हणजे नेहमी धुतल्या जाणाऱ्या घासण्यांतही जिवाणू कमी नव्हते. त्यांचा सल्ला साधा होता, आठवड्याला घासणी बदला.

मावशींचा सल्ला त्याहून स्वस्त. "पिळायची आणि खिडकीच्या गजावर वाळत टाकायची. ओली राहिली की सडते." आता माझ्याकडे भांड्यांना एक घासणी, ओट्याला वेगळं फडकं, हात पुसायला तिसरं. आईनं चौथं वाढवलं, गरम पातेलं उतरवायचं. फडकी रोज धुतली जातात आणि उन्हात वाळतात. आधी एकच फडकं हे सगळं करायचं आणि वर डायनिंग टेबलही पुसायचं. म्हणजे मी घाण पुसत नव्हतो, सगळीकडे सारखी वाटत होतो.

एका रविवारी आम्ही ओल शोधायला बसलो. मिक्सरच्या भांड्याची रिंग, पात्याच्या खालची खाच, कुकरची शिट्टी, सिंकची जाळी, चिरा पडलेला प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड, ओल्या कचऱ्याच्या डब्याचा तळ. फ्रिज पुढे ओढला तर मागच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी. या ट्रेमध्ये डेंग्यूचे डास अंडी घालतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून ट्रे आठवड्याला रिकामा करायचाच.

आणि झुरळं? त्यांना रात्री दोनच गोष्टी हव्या असतात, खरकटं आणि पाणी. झोपताना सिंक रिकामं आणि कोरडं, गॅसखालचा भाग पुसलेला, कचऱ्याच्या डब्यावर झाकण. महिनाभर हे केल्यावर मला झुरळ मारायचा स्प्रे लागलेला नाही.

हात

या खात्यात आईनं मला सरळ हरवलं. तिचे नियम मी लहानपणापासून 'जुनाट' म्हणून हसण्यावारी नेले होते. बाहेरून आलं की हात-पाय धुवायचे. उष्टा चमचा परत पातेल्यात घालायचा नाही. चव बघायची तर तळहातावर घ्यायची. खरकट्या हाताने लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही. आज बघितलं तर हे सगळं जंतू इकडचे तिकडे जाऊ न देण्याचंच तंत्र आहे. तिला बॅक्टेरियाची लॅटिन नावं माहीत नव्हती एवढंच.

आणि मी? कणीक मळताना फोन वाजला की तसाच उचलायचो. स्वयंपाक करताना रेसिपीचा व्हिडिओ पुढे-मागे करायचो. मेट्रोत, लिफ्टमध्ये आणि टॉयलेटमध्येसुद्धा सोबत असलेला फोन, तोच हात, तीच कणीक. आता फोन किचनच्या दाराबाहेर. साबणानं वीस सेकंद हात धुवायचे, बोटांच्या बेचक्या आणि नखांसकट.

आईचं सगळंच बरोबर होतं असं नाही हं! भजी ती वर्तमानपत्रावर काढायची. छपाईच्या शाईतलं शिसं अन्नात उतरू शकतं, म्हणून एफएसएसएआयनं सप्टेंबर २०२३ मध्ये लोकांना असं न करण्याचं आवाहन केलं आहे. ते दाखवल्यावर ती म्हणाली, "मग भजीच कमी करू." चिकनही ती नळाच्या धारेखाली खळाखळा धुवायची. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीनं २०१४ मध्ये लोकांना कच्चं चिकन धुऊच नका असं सांगितलं. कारण शिंतोडे ओटा, भांडी, सॅलडवर उडतात आणि त्यातून तोच जानेवारीतला कॅम्पिलोबॅक्टर पसरतो. धुऊन तो जात नाही, पूर्ण शिजवल्यावर मरतो. आईशी तडजोड झाली. धुवायचंच तर पातेल्यात, धार न सोडता, मग सिंक आणि हात साबणानं. आणि चिकनची सुरी, बोर्ड वेगळा.

फ्रिजवर चिकटवा

• शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. भात परातीत पसरून गार करा.
• फ्रिज ५ अंशांच्या आत, थोडा मोकळा.
• डब्यावर तारीख आणि वेळ लिहिलेली पट्टी.
• घासणी रोज वाळवा, आठवड्याला बदला. फडकी कामाप्रमाणे वेगळी.
• कच्चं मांस, अंडी फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, बंद डब्यात.
• रात्री सिंक रिकामं, कोरडं.
• स्वयंपाकाआधी हात, स्वयंपाकात फोन नाही.
• दोन क्लीनर कधीही एकत्र नाही.
• वास येत नाही म्हणजे चांगलं आहे, असं नाही.

एक कप

एक गोष्ट राहिली. सिंकखाली एक तडा गेलेला, हिरव्या कडेचा कप होता. मावशींच्या चहाचा. तो तिथं कधी ठेवला ते मला आठवतही नाही, पण ठेवला मीच. 'हायजीन' हा शब्द तेव्हा मनात असणार. जरा विचार करा, त्यातून कोणता जंतू थांबत होता? ज्या हातांनी त्या माझं ताट घासत होत्या, त्याच हातांना माझा कप चालत नव्हता! त्या हातांना पावडरनं चिरा पडल्या होत्या, ते मी कधी बघितलं नव्हतं. आणि सहा घरं करताना त्यांना हात धुवायला साबण मी कधी दिला नव्हता.

तो कप मी टाकून दिला. सिंकजवळ हात धुवायचा साबण आणि रबरी हातमोज्यांची जोडी ठेवली. आता आम्ही तिघंही आल्या आल्या आधी हात धुतो, आई, मावशी आणि मी. चहा सगळ्यांना एकाच सेटमध्ये.

बाबांची केमो ऑगस्टमध्ये संपली. दिवाळीनंतर चेकअपला आले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आता नेहमीचं जेवण करा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा किचनच्या दारात येऊन उभे राहिले. "फोडणीचा भात मिळेल का?"

माझा हात थबकला. पण मी फ्रिज उघडला, पसरट डबा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला आणि झाकणावरची पट्टी वाचली, 'शनि. रात्री ८.५०.'

"वेळेत आहे," ते म्हणाले. "कांदा जास्त घाल."